सोंग घेणारी माणसे

सेलू, जि. परभणी
रविवार, १३ जुलै २०२५

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते आणि तुलाही मोकळेपणाने बोलता येत नव्हते, हे तुझ्या आवाजावरून मला कळत होते. म्हणून ‘बरं, बघू’ एवढेच म्हणून मी फोन ठेवला. त्या दोन शब्दांनी तुझे समाधान झाले नसणार. आज शाळेला सुट्टी आहे, पावसाने उघडीप दिल्यामुळे तुझे बाबा सोयाबीनच्या कोळपणीसाठी सकाळीच शेतात गेले आहेत, आणि घरात मी एकटीच आहे. तेव्हा फोनवर जे बोलता आले नाही ते सविस्तर लिहून कळवत आहे.

तुम्ही बसवत असलेल्या एकांकिकेत तुला म्हाताऱ्या सुईणीचे काम मिळाले आहे, वसतिगृहातली मुले तुला ‘मावशी’ म्हणून हाक मारू लागली आहेत आणि हे काम सोडून द्यावे असे तुझ्या मनात येत आहे, एवढे मला समजले. फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, ‘आई, तू आणि बाबा बघायला आलात तर तुम्हाला कसंतरी होईल.’ हे वाक्य तीन दिवस झाले तरी माझ्या मनातून गेलेले नाही. आम्हाला काय वाटेल ते मी तुला सांगणार आहे, पण त्यासाठी मला थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

तू आठवीत असताना एकदा मला विचारले होतेस, की आई, तुझा आवडता नट कोण? मी तव्यावरची भाकरी उलटत होते आणि ‘एक का आहे, पुष्कळ आहेत’ असे म्हणून मी तो प्रश्न टोलवला होता. तुला एखादे देखणे नाव अपेक्षित असावे. माझ्या वर्गमैत्रिणींच्या वह्यांमध्ये देखण्या नटांची चित्रे असत, आणि ती पाहायला मलाही आवडत असे. परंतु ज्यांच्यासाठी मी ताट सोडून दूरदर्शनपुढे जाऊन बसले, ज्यांच्या जाण्याची बातमी ऐकल्यावर घरातले माणूस गेल्यासारखे वाटले, ते पुरुष कलावंत वेगळ्याच वळणाचे होते. त्यांच्यापैकी कोणी खलनायक होता, कोणी वेडगळ, कोणी नाच्या, कोणी डोईवर पदर घेतलेली सासुरवाशीण. मला आवडलेला प्रत्येक जण सोंग घेणारा होता, हे माझ्याही लक्षात या तीन दिवसांतच आले.

यातला पहिला माणूस मी नऊ वर्षांची असताना पाहिला. तुझ्या आजोळी हरिनाम सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री सोंगी भारूड होत असे. भारूड करणारे गृहस्थ शेजारच्या गावचे, मेंढरे राखणारे होते. अंगाने आडवे, राकट, झुपकेदार मिशांचे. एरवी त्यांच्या हाकेनेच कुत्री दबत. त्या दिवशी दुपारी ते आमच्या वाड्याच्या ढाळजेत आले, न्हाव्यापुढे बसून त्यांनी मिशा उतरवल्या आणि माझ्या आईकडे लुगडे मागितले. आईने पेटीतले हिरवे इरकली लुगडे काढून दिले. ते हातात घेण्यापूर्वी ते रांजणाजवळ गेले, त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि मग दोन्ही हातांनी ते लुगडे घेतले. मी खांबाला टेकून सगळे पाहत होते. कासोटा घालून, निऱ्या नीट बसल्या आहेत का हे त्यांनी आईकडून पाहून घेतले, पदर डोईवर घेतला, आणि त्यानंतर ते कोणाशीही बोलेनासे झाले. ढाळजेतून चौकात आणि चौकातून ढाळजेत ते नुसते चालत राहिले. पहिल्या चार फेऱ्यांमध्ये लुगडे नेसलेला मेंढपाळ चालत होता. पुढे केव्हातरी पावले लहान पडू लागली, खांदे आत आले, आणि मला एकाएकी असे वाटले की आता यांना ‘काका’ म्हणून हाक मारली तर ती कोणाला ऐकू जाणार नाही.

रात्री त्यांनी एकनाथांचे, सून भवानीला गाऱ्हाणे घालते ते भारूड केले. सासू, सासरा, नणंद या सगळ्यांना उचलून ने, असे ती देवीला विनवते आणि देवळापुढचे सगळे लोक हसून हसून वाकडे होतात, हे तुलाही ठाऊक आहे. मध्येच ते पदर खोचून खाली बसले. समोर चूल नव्हती, परात नव्हती. त्यांनी भाकरी थापायला घेतली, थापता थापता त्यांचे डोळे भरून आले आणि डोळे त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूने पुसले. तळहाताला पीठ लागलेले असते ना, म्हणून. माझ्या शेजारी बसलेली आई तोपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होती, ती एकदम गप्प झाली. घरी परतताना अंधारात ती थोरल्या काकूला म्हणाली, ‘या बाप्यानं चुलीपुढची बाई बघितलेली हाय गं.’ दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडे धुऊन, वाळवून, घडी करून परत आले. घडीवर एक नारळ ठेवलेला होता.

त्या एका मनगटामुळे मी आयुष्यभर नटांचे हात पाहत आले आहे.

पुढे अध्यापक विद्यालयात असताना माझ्या लक्षात आले की हे वळण आपल्या मुलखाला नाथांनी लावून दिलेले आहे. सोळाव्या शतकात पैठणसारख्या विद्वानांच्या नगरीत राहणाऱ्या, भागवतावर टीका लिहिणाऱ्या पुरुषाने वासुदेवाचे, जोश्याचे, गोंधळ्याचे, भुत्याचे रूप घेऊन लिहिले आणि सासुरवाशिणीच्या तोंडानेही लिहिले. अध्यात्मातला अर्थ त्यात आहेच. पण तो सांगण्यासाठी त्यांना पंडिताचे आसन सोडून माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसावे लागले. आजही नाथषष्ठीच्या यात्रेला पैठणला गेलास तर वाळवंटात एखादा बाप्या लुगडे नेसून उभा असलेला दिसेल, आणि त्याच्यापुढे बसलेल्या बाया त्याच्याकडे परका पुरुष म्हणून पाहत नसतात. सिल्लोड तालुक्यातले रहिमाबादचे निरंजन भाकरे यांची भारुडे आपण दोघांनी टीव्हीवर पाहिली होती, ते तुला आठवत असेल. व्यसनमुक्तीचा विषय ते भारुडातून अशा रीतीने मांडत, की दारुड्याची बायको हसता हसता डोळे पुसत असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. त्या दिवसांत इतकी माणसे जात होती की त्यांच्यासाठी थांबायलाही कोणाला उसंत मिळाली नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

वसतिगृहातली मुले तुला ज्या शब्दाने चिडवत आहेत, त्याविषयी इथेच लिहिते. तमाशात गण झाल्यावर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि त्या वेळी गौळणींच्या पुढे उभी राहून त्या दोघांशी शब्दाला शब्द लावणारी जी म्हातारी असते, तिला मावशी म्हणतात. ती पुरुषच करतो. तिच्या तोंडी लिहून दिलेले फार थोडे असते. समोरचे लोक पाहून, त्या गावातली त्या दिवसाची गोष्ट उचलून, जागच्या जागी तिला बोलावे लागते, आणि म्हणून फडातला पोक्त, हजरजबाबी, कसलेला माणूसच त्या कामासाठी निवडला जातो. तुझ्या मित्रांना हे माहीत नसावे. त्यांना सांगायचे की नाही, ते तू ठरव.

आज १३ जुलै. निळू फुले यांना जाऊन आज १६ वर्षे झाली. माझ्या आवडत्या नटांमध्ये कोणाला सर्वांत वर बसवायचे असेल तर त्यांना, हे मी तुला आज लेखी देते. माझी आजी मात्र त्यांचा चेहरा टीव्हीवर दिसला की ‘मुडदा बशिवला याचा’ म्हणत कडाकडा बोटे मोडत असे आणि उठून माळवदावर निघून जात असे. आमच्या घरचीच ही गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांनी या माणसाला मनापासून शिव्या दिल्या. आणि तो माणूस प्रत्यक्षात कोण होता? पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातून पडद्यावर आलेला एक साधा, वाचणारा, चळवळीत वावरणारा गृहस्थ. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा त्यासाठी डॉ. श्रीराम लागू यांच्यासोबत त्यांनी नाटकाचे प्रयोग केले. बाईला बरोबरीने वागवावे असे ज्याला मनापासून वाटत होते, त्याने बाईवर वाईट नजर ठेवणारा पाटील, सरपंच, साखर कारखान्याचा धनी जन्मभर रंगवला. राज्यभरातल्या बायांच्या मनातला तिरस्कार स्वतःच्या अंगावर घ्यायला केवढे धैर्य लागत असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

त्यांच्या कामाकडे मी जसजशी बारकाईने पाहू लागले तसतशी एक गोष्ट मला उलगडत गेली. ते ओरडत नसत. इतर खलनायक डोळे वटारून, आवाज चढवून भीती घालत; हे गृहस्थ शब्द लांबवून, खालच्या पट्टीत, जणू समोरच्याची विचारपूस करत असल्यासारखे बोलत. आपल्याकडे ज्याच्या हातात खरोखर सत्ता असते तो कधीच मोठ्याने बोलत नाही, हे मी पंचायतीच्या बैठकांमध्ये आणि शाळेच्या समितीमध्ये पुढे अनेक वेळा पाहिले, आणि प्रत्येक वेळी मला ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा हिंदुराव आठवला. त्याच माणसाने ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला आणि त्यात पाटीलकीचा मागमूसही ठेवला नाही. वाईट माणूस इतका खरा करायचा तर त्याला आधी समजून घ्यावे लागते, आणि समजून घेऊनही त्याच्या बाजूने झुकून चालत नाही. ही फार कठीण जागा आहे, आणि निळूभाऊ त्या जागेवर अनेक वर्षे उभे राहिले.

आता मला गणपत पाटील यांच्याविषयी लिहायचे आहे. तुझ्या मनात सध्या जे चालले आहे, त्याच्या सर्वांत जवळ त्यांचीच गोष्ट येते. कोल्हापूरच्या या नटाने तमाशापटांमध्ये नाच्याचे काम केले आणि ते इतके उत्तम केले की पुढे त्यांना दुसरे काम मिळणेच अवघड झाले. घरसंसार, मुलेबाळे असलेल्या या माणसाला लोकांनी पडद्यावरच्या सोंगावरून ओळखले, रस्त्यात टाळ्या वाजवून चिडवले, आणि त्याची झळ घरातल्यांनाही बसली. २००८ साली ते गेले तोपर्यंत हे चालू होते. आता त्यांच्याशेजारी बालगंधर्वांना ठेवून पाहा. त्यांनीही पुरुष असून स्त्रीचेच सोंग घेतले होते, आणि त्यांच्या नेसण्याची, गजरा माळण्याची तऱ्हा मोठ्या घरच्या बायांनी उचलली. त्यांना सरकारने पद्मभूषण दिले. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी मी नाकारत नाही. परंतु शालू नेसून राणी झालेल्या पुरुषापुढे ज्या समाजाने मान लववली, त्याच समाजाने फडातल्या नाच्याला मात्र हिणवले, हे मला कधीच पटलेले नाही. सोंग तेच होते. एकाला नाटकगृहाचे छप्पर होते आणि दुसऱ्याला तंबूचे. गणपत पाटील यांनी घेतलेला नाच्या नीट पाहिलास तर तुला कळेल की बोर्डावर नाचणाऱ्या बाईच्या पाठीशी उभा राहणारा, तिचे दुःख जाणणारा तोच एक पुरुष असे. लोकांनी फक्त त्याचा मुरका पाहिला.

१९९० च्या सुमारास मी शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला होते. तिथे आम्हा मुलींना एका संध्याकाळी आमच्या बाईंनी प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री नाटकाचा प्रयोग पाहायला नेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९७९ पासून हा प्रयोग सुरू केला होता. आपल्याकडच्या एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते अशी त्याची कथा, आणि त्यातल्या ५२ व्यक्तिरेखा हा एकच माणूस करत असे. पुढे त्याची नोंद गिनेस बुकातही झाली. मला त्या दिवशी आकड्याचे काही वाटले नाही. रंगभूषा नाही, कपडे बदलणे नाही, नेपथ्य म्हणावे असे काही नाही; हाताने पदर सावरल्याचा नुसता भास केला की समोर बाई उभी राहत होती, मान थोडी कलती केली की म्हातारा, आणि दोन म्हाताऱ्यांमध्येसुद्धा एक खोडसाळ आणि दुसरा भाबडा हे अंधारात बसून ओळखता येत होते. आणि ती सगळी माणसे आपल्या बोलीत बोलत होती. आमच्या वर्गात शुद्ध बोलण्यावरून आम्हा खेड्यातल्या मुलींना रोज टोचून घ्यावे लागे. त्या रात्री शहरातले प्राध्यापक, वकील, डॉक्टर आमच्या ‘करूलालो, जाऊलालो’ला खुर्चीत उसळून दाद देताना मी पाहिले. परत येताना रिक्षात मी पहिल्यांदा मैत्रिणींशी घरच्यासारखी बोलले. २००९ साली सर गेले. पुढे हेच वऱ्हाड आपल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी खांद्यावर घेतले. मकरंद अनासपुरे यांनीही आपली बोली चित्रपटांमध्ये नायकाच्या तोंडी नेऊन बसवली. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर यांच्यासोबत ‘नाम’ ही संस्था काढून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी ते गेले, तेव्हा त्या बायांपुढे ते जे बोलत होते तेही त्याच बोलीत बोलत होते.

परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचे नावही तू लक्षात ठेव. लग्नानंतर घालायचा गोंधळ संबळ, तुणतुणे आणि दिवटीच्या उजेडात आपण ऐकतो. त्या गोंधळातली आख्याने त्यांच्या मुखी होती. कर्णाला पाहून द्रौपदीचे मन क्षणभर पाघळते, ही जांभूळ आख्यानाची कथा शाहीर विठ्ठल उमप यांनी पुढे रंगमंचावर नेली. त्यातली द्रौपदी करताना त्या सत्तरीच्या माणसाच्या अंगात जी लाज उतरे ती मी चित्रफितीत पाहिली आहे, आणि पाच नवऱ्यांच्या बायकोचे मन त्याने इतक्या आदराने उघडे केले आहे की मुलाला हे कसे सांगावे, असा संकोच मला आज हे लिहिताना वाटत नाही. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले.

दादा कोंडके यांच्याविषयी थोडक्यात लिहिते. त्यांचे द्वयर्थी संवाद मला सगळेच आवडले असे मी म्हणणार नाही. परंतु गिरणगावात वाढलेल्या, सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या या माणसाने १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून लोंबत्या नाडीची ढगळ चड्डी घालून सगळ्या राज्यापुढे स्वतःला बावळट म्हणवून घेतले आणि ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवापर्यंत नेले. गावातला सालगडी ज्याच्याकडे पाहून ‘हा आपल्यातला’ असे म्हणू शकेल असा नायक त्याआधी पडद्यावर नव्हता.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले ती तारीख १६ डिसेंबर २००४. तू तेव्हा पोटात होतास, आणि बातम्यांमध्ये ते पाहून मी रडले म्हणून तुझ्या आजीने मला रागावून टीव्ही बंद केला होता. ‘अशी ही बनवाबनवी’ तू कितीदा पाहिला आहेस याची गणती नाही, पण पुढच्या वेळी त्यातली पार्वती माझ्या नजरेने पाहा. भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन तरुण साडी नेसतात. आपल्याला हसू येते ते पकडले जाण्याच्या भीतीचे, सावरासावर करण्याचे. बाई असण्यात काही हास्यास्पद आहे असे लक्ष्मीकांत एकदाही सुचवत नाहीत. हल्ली टीव्हीवरच्या काही विनोदी कार्यक्रमांमध्ये पुरुष साडी नेसून येतात तेव्हा त्यांची साडी, त्यांचे फुगवलेले अंग आणि काढलेला चिरका आवाज हाच विनोद असतो. ते पाहताना मी उठून जाते. ती टवाळी आहे. समोरच्या बाईला पाहण्याची तसदी त्यात कोणी घेतलेली नसते. १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला तेव्हा मी तो परभणीला निम्म्या रिकाम्या थिएटरात पाहिला. हसवणाऱ्या माणसाच्या आतला माणूस लक्ष्मीकांत यांनी तिथे उघडा करून दाखवला होता, पण लोकांना ते फक्त हसवणारेच हवे होते.

तुझ्या बाबांचा आवडता नट अशोक सराफ, हे सांगायची गरज नाही. स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून नाटके करणारा माणूस पुढे महाराष्ट्रभूषण झाला आणि यंदा पद्मश्रीही, याचे बाबांना स्वतःच्या भावाइतके कौतुक आहे. मी त्यांना एकदा विचारले, की तुम्हाला त्यांचे काय आवडते? थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘समोरच्याला बोलू देतो.’ मी इतके लिहूनही असे एका वाक्यात मला सांगता आले नसते.

आता तुझ्या वाक्याकडे येते. गुरुवारचे पाहुणे गेल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, ‘सुईण कशी बसते हे त्यानं कधी बघितलंय का?’ आणि मला तेव्हा कळले की आम्ही दोघेही एकाच काळजीत आहोत. तू हे काम करावेस की नाही ही ती काळजी नव्हे. तू दवाखान्यात जन्मलास. सुईण तू पाहिलेली नाहीस. माझी आत्या सुईणपण करत असे, म्हणून मला आठवते तेवढे लिहिते. ती घरात शिरताना कधी घाईने शिरत नसे, कारण तिची घाई पाहून बाळंतीण घाबरेल. आधी चुलीपाशी जाऊन हात शेकत असे, कारण थंड हात पोटाला लावायचा नसतो. ती उकिडवी बसे, तेव्हा डावा गुडघा टेकलेला आणि उजवा उभा असे. बाळंतिणीशी ती आपल्या घरच्या शेळीबद्दल, पावसाबद्दल, कसल्याही गोष्टींबद्दल बोलत राही आणि तिचे लक्ष पूर्ण वेळ बोटांमध्ये असे. मूल रडल्यावर मात्र सगळे बोलू लागत आणि ती गप्प होऊन भिंतीला पाठ टेकून बसे. तिचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर उताणे पडलेले असत. तुमच्या दिग्दर्शकाला हे सांगून पाहा.

तुझ्या आजीचे हिरवे लुगडे, ज्याविषयी वर लिहिले तेच, माझ्याजवळ आहे. काठ थोडे विरले आहेत, परंतु मंचावर ते दिसणार नाही. एसटीच्या पार्सलने बुधवारी पाठवत आहे; स्वारगेटला जाऊन सोडवून घे, पावती मी मोबाईलवर पाठवीन. लुगडे नऊवारी आहे, तुझी उंची जास्त असल्यामुळे कासोटा ओढून घेताना मागे कमी पडेल. तेव्हा पुढच्या निऱ्या दोन कमी घाल म्हणजे पुरेल. पिन लावू नकोस, फाटेल. तालमीला पहिल्या दिवसापासून नेसून चाल, नुसत्या प्रयोगाच्या दिवशी नेसलास तर पाय अडखळतील. मिशी ठेवायची की काढायची ते तुझे तू पाहा.

प्रयोगाची तारीख नक्की झाली की लगेच कळव. बाबा म्हणतात, आदल्या रात्रीच्या गाडीने निघू म्हणजे सकाळी पोचता येईल. आम्ही पुढे बसणार नाही, अगदी शेवटच्या रांगेत बसू, म्हणजे तुझा आवाज तिथपर्यंत येतो की नाही ते आम्हाला सांगता येईल.

तुझी,
आई